लवचीक संवेष्टनाचा खरा खर्च : हजीऱ्याच्या खतपोत्यापासून लघुउद्योजकाने घ्यावयाचा धडा

मालाची किंमत ठरविताना उत्पादक कच्चा माल, मजुरी, वीज आणि जागेचे भाडे यांचा हिशेब काळजीपूर्वक मांडतो. परंतु ज्या पिशवीतून किंवा पोत्यातून तो माल ग्राहकाच्या हाती पडावयाचा असतो, तिचा विचार बहुधा शेवटी आणि घाईने केला जातो. पिशवी दोन पैशांनी स्वस्त मिळाली की काटकसर झाली, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज कितपत बरोबर आहे, हे तपासून पाहणे लघुउद्योजकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

काच, पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक यांच्या ताठर डब्या-बाटल्यांऐवजी पातळ फिल्म, कागद, ॲल्युमिनियमचा वर्ख अथवा विणलेले कापड वापरून केलेल्या पिशव्या, पाकिटे व पोती यांस लवचीक संवेष्टन म्हणतात. मालाचा गुणधर्म, वजन व वाहतूक पाहून ते खास बनवूनही घेता येते. रिकामी बाटली कारखान्यात येते ती बहुतांशी हवा भरून. रिकाम्या पिशव्यांचा मात्र गठ्ठा येतो. भाडे, गोदामातील जागा आणि वजन या तिन्ही बाबतींत येथे बचत होते. तथापि ही बचत आपोआप पदरात पडत नाही. ती कशी पडते आणि कोठे निसटते, याचे चांगले उदाहरण महाराष्ट्राच्या शेजारीच, सुरतजवळील हजीरा येथे पाहावयास मिळते.

हजीऱ्याचे पोते

तापी नदी समुद्रास मिळते त्या परिसरात हजीरा वसले आहे. कृषक भारती को-ऑपरेटिव्ह लिमिटेड, म्हणजेच कृभको, या सहकारी संस्थेच्या तेथील खत कारखान्यात १९८६ मध्ये व्यापारी तत्त्वावर उत्पादन सुरू झाले. प्रारंभी युरियाची वार्षिक क्षमता १४.५२ लाख टन होती. पुढे विस्तारानंतर ती २१.९५ लाख टनांवर गेली. १९९० च्या दशकात याच परिसरात रिलायन्स उद्योगसमूहाचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला व प्लॅस्टिकचा कच्चा माल तेथे तयार होऊ लागला. अशा रीतीने पोत्याचा कच्चा माल आणि पोत्यात भरावयाचा माल हे दोन्ही एकाच गावाच्या हद्दीजवळ निर्माण होऊ लागले. महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही कृभकोचे पोते अपरिचित नाही.

युरिया हा हवेतील ओलावा ओढून घेणारा पदार्थ आहे. ३० अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७२ ते ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की त्याचे दाणे ओलसर होऊन एकमेकांस चिकटतात आणि अखेर पोत्यात ढेकळे होतात. किनाऱ्यावर पावसाळाभर हवा याहून अधिक दमट असते. यास्तव खताच्या पोत्याकडून दोन वेगवेगळी कामे करून घेतली जातात. पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यांनी विणलेले बाहेरचे कापड बळ देते, तर आतील पातळ अस्तर वा थर ओलावा अडवितो. नुसते विणलेले पोते मजबूत असूनही खत वाचवू शकत नाही, आणि नुसते अस्तर हमालाच्या पहिल्याच आकड्याने फाटते. भारतीय मानक ९७५५ मध्ये खतासाठीच्या विणलेल्या पोत्यांचे विनिर्देश दिलेले आहेत.

पाच किलोंचा फरक

पूर्वी युरियाचे पोते ५० किलोंचे असे. २०१८ पासून ते ४५ किलोंचे करण्यात आले. शेतकरी खताची मात्रा किलोंवर नव्हे तर पोत्यांवर मोजतो. म्हणून पोते लहान केल्यास युरियाचा अनाठायी वापर कमी होईल, हा त्यामागील विचार होता. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्या हिशेबाने ५० किलोंच्या पोत्यातून २३ किलो, तर ४५ किलोंच्या पोत्यातून २०.७ किलो नत्र शेतात पडते. वेष्टनाचे माप हे ग्राहकाच्या हातातील मापही असते, हा या निर्णयातील पहिला धडा होय.

दुसरा धडा खर्चाचा आहे. २१.९५ लाख टन युरिया ५० किलोंच्या पोत्यांत भरावयाचा तर ४ कोटी ३९ लक्ष पोती लागतील. ४५ किलोंच्या पोत्यांत भरावयाचा तर सुमारे ४ कोटी ८८ लक्ष. माल तेवढाच, परंतु पोती ४९ लक्षांनी अधिक, आणि तितकीच शिलाई, छपाई व चढउतारही अधिक. उलटपक्षी, एवढ्या संख्येवर प्रत्येक पोत्यामागे एक रुपया वाचला तरी वर्षाची बचत ४ कोटी ८८ लक्ष रुपये होते. मोठ्या कारखान्यास खास बनविलेले पोते का परवडते, याचे उत्तर या संख्येत आहे. लहान कारखान्यापाशी ही संख्या नसते, म्हणून त्याचा हिशेब निराळ्या रीतीने मांडावा लागतो.

लघुउद्योजकाचा हिशेब

कोकणातील एखादा काजूप्रक्रिया उद्योग उदाहरणादाखल घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरले आहेत. पाव किलो काजूगरासाठी साधी पिशवी २ रुपये ६० पैसे, तिच्यावरील छापील चिठ्ठी १ रुपया २० पैसे आणि ती चिकटविण्याची मजुरी ४० पैसे, असा एकूण खर्च ४ रुपये २० पैसे येतो. त्याच दर्जाची, थेट छपाई केलेली पिशवी ३ रुपयांस मिळते. प्रत्येक पिशवीमागे १ रुपया २० पैसे वाचतात. परंतु ग्रॅव्ह्युअर पद्धतीच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र कोरीव रूळ करावा लागतो. सहा रंगांचे सहा रूळ, प्रत्येकी ६,००० रुपये धरल्यास, आरंभीच ३६,००० रुपये गुंततात. ही रक्कम भरून निघण्यास ३०,००० पिशव्या विकल्या जावयास हव्यात. वर्षाला १२,००० पिशव्या विकणाऱ्यास त्यासाठी अडीच वर्षे लागतील. हेच चित्र तीन रंगांत बसविले तर हा काळ सव्वा वर्षावर येतो. फ्लेक्सो पद्धतीत रुळांऐवजी कमी खर्चाच्या प्लेटा लागतात, तर डिजिटल छपाईत दोन्ही लागत नाहीत. मात्र तेथे प्रत्येक पिशवीचा दर अधिक पडतो. तेव्हा संख्या लहान असताना डिजिटल आणि संख्या वाढल्यावर ग्रॅव्ह्युअर, असा क्रम सामान्यतः हितावह ठरतो.

याहून महत्त्वाचा आकडा नासधुशीचा आहे. पाव किलो काजूगराची किंमत २५० रुपये धरली आणि हलक्या पिशवीमुळे शंभरांपैकी दोन पाकिटे खवट वा मऊ होऊन परत आली, तर प्रत्येक पाकिटामागे ५ रुपयांचे नुकसान होते. हे नुकसान मूळ पिशवीच्या संपूर्ण किमतीपेक्षा अधिक आहे. येथे पिशवीवर आणखी एक रुपया खर्च करून ओलावा व प्राणवायू अडविणारा थर घेणे ही खरी काटकसर होय. याउलट ३० रुपयांच्या पोह्यांच्या पुड्यात तितकीच नासधूस झाली तर नुकसान ६० पैसे होते; तेथे तो रुपया वाया जातो. सारांश, संवेष्टनाचा खर्च पिशवीमागे न मोजता ग्राहकापर्यंत सुस्थितीत पोहोचलेल्या मालामागे मोजला पाहिजे.

छापील साठ्याचा धोका

२०२२ मध्ये केंद्र शासनाने अनुदानित खतांसाठी ‘भारत’ हे एकच नाव ठरविले आणि पोत्याच्या दर्शनी भागाची नवी मांडणी लागू केली. २ ऑक्टोबर २०२२ पासून नवी पोती वापरावयाची होती, तर जुनी छापील पोती संपविण्यासाठी त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत होती. अशा वेळी ज्याच्यापाशी छापील पोत्यांचा साठा जितका मोठा, तितकी त्याची अडचणही मोठी. लघुउद्योजकावरही असा प्रसंग येऊ शकतो. २०२१ मध्ये वेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांत दुरुस्ती होऊन वेष्टनावर एकक विक्री किंमत देण्याची तरतूद करण्यात आली. दर पाहून पाच वर्षांच्या पिशव्या छापून ठेवणाऱ्यास असा बदल महागात पडतो.

वापरानंतरचा खर्च

खताचे रिकामे पोते खेड्यात टाकून दिले जात नाही. पावसात डोक्यावर घ्यावयाची खोळ, गोठ्याचा आडोसा, चारा बांधण्याचे साधन असे त्याचे अनेक उपयोग होतात. खाण्याचे धान्य मात्र त्यात भरू नये. एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे पोते भंगारातही विकले जाते. प्लॅस्टिक व वर्ख चिकटवून केलेल्या पाकिटांचे थर वेगळे करणे अवघड असल्याने त्यांस भंगारात मोल नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ताठर प्लॅस्टिक, लवचीक प्लॅस्टिक आणि मिश्र बहुस्तरीय वेष्टने यांचे वेगळे वर्ग केले आहेत. ज्या उद्योगांस ही तत्त्वे लागू होतात, त्यांनी वेष्टन निवडतानाच हा खर्चही हिशेबात धरणे आवश्यक आहे.

मागणी नोंदविण्यापूर्वी

(१) माल कशाने बिघडतो, म्हणजे ओलाव्याने, हवेने, उजेडाने की दाबाने, हे प्रथम निश्चित करावे व तेवढेच अडविणारे थर घ्यावेत.

(२) नमुन्याच्या पिशव्यांत कोरडा माल भरून तोंड बंद करावे, त्या दमट जागी ठेवाव्यात आणि दर आठवड्यास वजन करावे. वाढलेले वजन म्हणजे आत शिरलेला ओलावा होय. काही पिशव्या कमरेइतक्या उंचीवरून टाकून जोड तपासावेत.

(३) न बदलणारा मजकूर छापून घ्यावा; किंमत, तारीख व घाणा क्रमांक शिक्क्याने उमटवावेत.

(४) रंग कमी ठेवावेत आणि आठ-दहा महिन्यांत संपेल त्याहून अधिक साठा करू नये.

(५) छपाईचे रूळ कोणाच्या मालकीचे राहतील, हे मागणीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे.

मुंबई येथे १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था कार्यरत असून तेथे वेष्टनांच्या चाचण्या व प्रशिक्षण यांची सोय आहे. मोठ्या मागणीपूर्वी नमुना तपासून घेतल्यास त्याचा खर्च सहसा वाया जात नाही.

हजीऱ्याच्या कारखान्यास एका पोत्यातील चूक कोट्यवधी वेळा भोगावी लागते, म्हणून तेथे पोत्याचा विचार आधी होतो. लहान उद्योजकाची चूक काही हजार पिशव्यांपुरतीच असते, परंतु त्या पिशव्यांत अडकलेले भांडवल बहुधा त्याचे सगळेच भांडवल असते. म्हणूनच पिशवीचा दर विचारण्यापूर्वी मालाचा स्वभाव आणि स्वतःच्या विक्रीची संख्या या दोन गोष्टी त्याने कागदावर मांडणे अधिक अगत्याचे आहे.