कयाधूचं विसरणं

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, सातवा स्कंध, सातवा अध्याय.

प्रल्हाद आपल्या दैत्य सवंगड्यांना सांगतोय की हे ज्ञान मला आईच्या पोटात असताना मिळालं. गर्भसंस्काराच्या पुस्तकांत अभिमन्यूच्या जोडीला ही गोष्ट हमखास असते आणि तात्पर्यही ठरलेलं: गरोदर बाईने चांगलं ऐकावं, चांगलं वाचावं, मन प्रसन्न ठेवावं. मला सध्या एकोणतिसावा आठवडा चालू आहे, त्यामुळे हे तात्पर्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडतं.

पण अध्याय नीट वाचला तर कयाधूचं मन प्रसन्न वगैरे अजिबात नव्हतं. हिरण्यकशिपू मंदराचलावर तपाला गेलेला. मागे देवांनी चढाई केली, दैत्य जीव घेऊन पळाले आणि इंद्र या गरोदर बाईला पकडून घेऊन निघाला. तिच्या पोटातलं मूल जन्मलं की मारायचं, हा बेत. ती वाटभर आक्रोश करत होती. प्रल्हाद त्या वेळी कुठे होता? त्याच पोटात. आईची ती धडधड त्याने आतून ऐकली असणारच. तरीही तो भक्तांचा मुकुटमणी झाला.

आणखी एक. नारदांनी इंद्राला अडवून तिला सोडवलं, तेव्हा त्यांनी लगेच प्रवचन सुरू केलं नाही. आधी धीर दिला, आश्रमात आणलं, नवरा परत येईपर्यंत इथेच राहा म्हणाले. उपदेश नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. "रडू नकोस, बाळावर परिणाम होईल" हे वाक्य नारदांच्या तोंडी कुठेही नाही.

पुढे प्रल्हाद सांगतो की मधे बराच काळ गेला, आई ते ज्ञान विसरली, मी विसरलो नाही. (श्लोकात विसरण्याचं दुसरं कारण बाईपणाचं दिलंय. ते मी माझ्यापुरतं बाजूला ठेवते.) मी इथेच थांबले. नारदांसारखे गुरू समोर बसलेले, महिनोन्‌महिने ऐकलेलं, तरी कयाधू विसरली! मग आपलं काय? म्हणून मी वही घातली आहे.

साधी दोनशे पानी वही. मानखुर्दला गाडीत चढले की हल्ली बायका सरकून जागा देतात. पुढचं स्टेशन वाशी, मधे खाडीचा पूल. तेवढ्या वेळात चार-पाच ओळी होतात, अक्षर वाकडंतिकडं का असेना. तारीख, आठवडा, सकाळी वाचलेल्या अध्यायातलं काय मनात राहिलं, पोटात काय जाणवलं, डॉक्टरांना काय विचारायचंय आणि भीती कशाची वाटली. शेवटचा मुद्दा मी टाळत नाही. आमच्या कामात सर्व्हरचा लॉग असतो. त्यात फक्त 'सगळं ठीक' एवढंच लिहिलेलं असेल तर तो लॉग काय कामाचा?

सासूबाईंना हे पटत नाही. "अभद्र कशाला लिहायचं गं? वास्तू तथास्तु म्हणते." त्यांचं बोलणं मी उडवून लावत नाही, कारण ते काळजीतून येतं. दोन वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात आमचं एक बाळ गेलं. तेव्हापासून घरात कुणी त्याचा उल्लेख करत नाही. या खेपेला अकरावा आठवडा आला तेव्हा मी वहीत एवढंच लिहिलं: "आज त्या पहिल्याची आठवण आली. याला त्याचा राग नको येऊ दे, पांडुरंगा." त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सुश्रुताने गर्भवतीला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची. आपला 'डोहाळे' हा शब्द त्यातलाच. चिंच-आवळ्याचे डोहाळे आपण कौतुकाने पुरवतो. दुसऱ्या हृदयाचं ऐकायचं आणि पहिल्याला गप्प बसवायचं, हे काही खरं नाही.

आपल्याकडे याला मोठा आधार आहे तो संत बहिणाबाईंचा. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या.) त्यांनी आत्मनिवेदनाच्या अभंगांत आपलं आयुष्य सांगितलं आहे. त्यात नवऱ्याचा राग आहे, मार आहे, आणि आपण गरोदर असताना तो सोडून जायला निघाला तेव्हाची घालमेलही आहे. पुढे देहूला त्यांना मुलगी झाली, काशी. सतराव्या शतकातली ही बाई गर्भारपणातलं दुःख विठ्ठलापुढे जसंच्या तसं मांडते, आणि वारकरी ते भक्तिभावाने वाचतात. त्यांना कुणी अभद्र म्हटलं नाही.

अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जड वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हे गरोदर बायकांवर केलेलं नव्हतं, तेव्हा जास्त ताणत नाही. मात्र लिहिताना रडू आलं तर वही बंद करून घाबरू नका, एवढं त्यावरून नक्की सांगता येईल.

आणि काही गोष्टी वहीत लिहून थांबायच्या नसतात. बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच जीव रमत नसेल, तर डॉक्टरांना सांगायचं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. कयाधूला नारद भेटले. आपल्याला फोन करावा लागतो, इतकंच.

ज्या ताईंचे दिवस भरत आलेत त्यांनीही आजपासून सुरुवात करायला हरकत नाही. मागचं भरून काढत बसू नका. पहिल्या पानावर आजची तारीख घाला.

उद्या आठवा अध्याय, नृसिंहाचा. थोडा मोठा आहे, सकाळी लवकर वाचायला घ्या.