मॉरिशस : काळ्या दगडाचे बेट

चामटोलीच्या आसपास विहीर खणताना सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड आपल्या परिचयाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो बनला. भूशास्त्रज्ञ सांगतात की, ज्या तप्तस्थानातून हा रस आला, त्यावरून भूखंड उत्तरेकडे सरकत गेल्यावर त्याच ठिकाणी पुढे मालदीवचा पाया घातला गेला व सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. म्हणून विद्यार्थी मित्रांनी हे बेट परके मानू नये, असे आम्हांस वाटते.

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौ. कि.मी. आहे, म्हणजे २०१४ च्या विभाजनापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. मध्यभागी पठार, सर्वोच्च शिखर ८२८ मीटर. आग्नेयेचे वारे पठारावर वर्षाला ४,००० मि.मी.पर्यंत पाऊस पाडतात, तर डोंगराआडच्या पश्चिम किनाऱ्यावर १,००० मि.मी.ही पडत नाही. आपल्याकडे घाटमाथा आणि देश यांत हाच भेद आहे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे. लाटांचा मार तेच झेलते.

येथील जमीन मात्र आयती मिळालेली नाही. उसासाठी शेतातील दगड आधी गुलामांनी, नंतर गिरमिटिया मजुरांनी हातांनी वेचले. त्यांचे ढीग आजही शेतांत उभे दिसतात. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर तेथे उतरले. त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती व त्यांचे वंशज तेथे आहेत. ले मॉर्न नावाचा ५५६ मीटरचा कातळ पळालेल्या गुलामांचा आसरा होता. गुलामी १८३५ मध्ये संपली. तो डोंगर २००८ साली जागतिक वारसा ठरला, हे आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात ठेवावे.

डच लोकांनी एबनीची झाडे तोडली, डोडो पक्षी सतराव्या शतकातच संपला. मूळचे चांगले जंगल आता दोन टक्क्यांहून कमी उरले आहे. प्रतीत्यसमुत्पादाला याहून वेगळा दाखला कशाला हवा? तरीही १९७४ साली रानात केवळ चार उरलेला तेथील ससाणा माणसांनीच प्रयत्नपूर्वक वाढविला.

जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळात रुतले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल सांडले. तेव्हा माहेबुर्गच्या लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले आणि ते तरंगते बांध पाण्यात सोडून तेल अडविले.