डाकोटा विमानाची प्रतिकृति

नागपूरच्या आकाशांत विमानाचा आवाज झाला कीं मुलांच्या माना आपोआप वर होतात. आपल्या शहरांत वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचें मुख्य ठाणें आहे. शिवाय ३० जानेवारी १९४९ पासून कित्येक वर्षें मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथील टपाल-विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गांवीं परत जात. प्रारंभीं त्या कामीं आलेलें विमान म्हणजे डाकोटा. म्हणून विज्ञानप्रदर्शनासाठीं सैनिकी वाहतुकीच्या विमानाची प्रतिकृति करावयाचें ठरलें, तेव्हां आम्हीं डाकोटाच निवडलें.

या विमानाचा मूळ नमुना १७ डिसेंबर १९३५ रोजीं अमेरिकेंत प्रथम उडाला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत त्यानें सैन्याची व सामानाची अपार ने-आण केली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं दिल्लीहून शीख पलटणीचे जवान श्रीनगरास पोंचले ते डाकोटांतूनच. त्यांचे नायक लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशीं धारातीर्थीं पडले. १९४८ च्या मे महिन्यांत एअर कमोडोर मेहर सिंग यांनीं सुमारें साडेदहा हजार फूट उंचीवरील लेह येथें डाकोटा उतरविलें.

प्रतिकृतीचें प्रमाण १ : ७२ होतें. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ९५ फूट ६ इंच. तो येथें सुमारें १६ इंच होतो. सहा फूट उंचीचा शिपाई या प्रमाणांत बरोबर एक इंचाचा! परंतु लांबी ७२ पट घटली म्हणजे पृष्ठभाग ५,१८४ पट व घनफळ ३,७३,२४८ पट घटतें. मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्याएवढा रंगाचा थर आपणांस पातळ वाटतो. खऱ्या विमानाच्या मापानें तो ७ मिलिमीटरांहून जाड ठरेल! म्हणून एका जाड थरापेक्षां दोन-तीन विरळ थर द्यावे, हें आम्ही गणितावरून शिकलों.

प्लॅस्टिकचे सुटे भाग एका चौकटीस जोडलेले येतात. ते पिळून न तोडतां धारदार पात्यानें, वडील माणसासमक्ष, कापावे. सांच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाहीं, म्हणून भाग साबणाच्या पाण्यानें धुवावे. प्रत्येक जोड आधीं कोरडाच बसवून पाहावा. या कामाचा सरस प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित् विरघळवून दोन भाग एकजीव करितो. यास्तव तो बेतानें व खिडक्या उघड्या ठेवून वापरावा. पारदर्शक तावदानांना मात्र सुताराचा पांढरा सरस बरा, नाहीं तर तीं धुरकट होतात. चिन्हें लावतांना सालाचा विचार करावा : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आपल्या सैनिकी विमानांवर निळें अशोकचक्र असे, तिरंगी वर्तुळ त्यानंतरचें.

आतां आमची चूक सांगतों. डाकोटाच्या पंखाचा मधला भाग सपाट असून बाहेरील दोन्ही भाग टोंकाकडे वर चढत जातात. ही शोभा नव्हे. विमान एका अंगास कलून त्या बाजूस घसरूं लागलें, कीं खालच्या पंखास अधिक उचल मिळते व विमान सांवरतें. आम्हीं घाईनें सरस लावून, टेकू न देतां, पंख वाळत ठेवले. सकाळीं पाहातों तों उजवें टोंक डाव्यापेक्षां बोटभर खालीं! प्रदर्शनास दोनच दिवस उरले होते. “भिंतीकडे वळवून ठेवूं, कोणास दिसणार नाहीं,” असें कित्येकांचें मत पडलें. खरें सांगावयाचें तर, क्षणभर सर्वांनाच तें पटलें.

तेव्हां आमच्यांतील सर्वांत लहान मुलानें विचारलें, “खरें विमान असें असतें तर आपण त्यांत बसलों असतों का?” यावर कोणीच बोललें नाहीं. संध्याकाळीं आम्हीं सांधा जपून कापला, दोन्ही टोंकांखालीं सारख्या उंचीच्या वह्या ठेवल्या आणि पट्टीनें मोजून पंख पुनः जोडला. फट लुकणानें भरली, वाळल्यावर घांसली व वर रंग दिला. तरी एक बारीक रेघ राहिलीच.

प्रदर्शनांत ती रेघ आम्हीं झांकली नाहीं. पाहुण्यांनीं विचारलें तेव्हां सर्व हकीकत सांगितली, आणि पंख वर कां चढतात हें समजावून देण्यास तीच रेघ उपयोगी पडली. आमच्या पालकांस इतकेंच विनविणें आहे, कीं मुलांच्या अशा उद्योगास पोरखेळ समजूं नये. आणि विद्यार्थिबंधूंनो, जोड वाळण्यापूर्वी एकदां पट्टी लावून पाहा. तेवढ्यानें आमचे दोन दिवस वांचले असते.