गॅस गिझर, न्हाणीघर आणि सकाळची डोकेदुखी

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या जामनेरकरांना ही थंडी जरा जास्तच झोंबते. पहाटे कांग नदीच्या बाजूला फिरायला निघणारी मंडळी कानटोपी-मफलरमध्ये ओळखू येत नाहीत. अशा दिवसांत कढत पाण्याची अंघोळ म्हणजे मोठे सुख! या सुखातला एक धोका आज सांगायचा आहे. तो मला पुस्तकातून ठाऊक होता, पण माझ्या घरात आला तेव्हा मी ओळखला नाही.

आमच्याकडे पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असे. शेतातल्या पऱ्हाट्या मोडून त्यात घालायच्या. डोळ्यांत धूर जायचा, पण तो मोकळ्या अंगणात. पुढे बंब मोडीत गेला. भारनियमनाच्या काळात सकाळी वीज असेल याची खात्री नसे, म्हणून अनेकांप्रमाणे आम्हीही गॅस गिझर घेतला. तो न्हाणीघरातच, नळाच्या वर बसवला. "आत बसवला तर चालेल ना?" असे मी विचारले होते. "काही होत नाही डॉक्टरसाहेब, सगळ्यांकडे असाच आहे," हे बसवणाऱ्याचे उत्तर मला पटले.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सौ.ला रोज अंघोळीनंतर डोके दुखू लागले. मळमळ, कानशिलांत ठणका, गळल्यासारखे वाटणे. मी रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर तपासून आणला, पित्ताच्या गोळ्या दिल्या. न्हायच्या दिवशी अंघोळ लांबे, त्या दिवशी दुखणेही वाढे. मधे ती आठ दिवस माहेरी पाचोऱ्याला राहून आली. तिथे विजेचा गिझर आहे. आठ दिवसांत एकदाही डोके दुखले नाही. यावर मी काय म्हणालो असेन? "माहेरचे पाणी मानवते तुला!"

मग एका सकाळी तिने आतून कशीबशी कडी काढली आणि उंबऱ्यातच बसली. मी तिला ओसरीवर आणले. कोरोनाच्या साथीपासून घराघरात आलेले ऑक्सिमीटर बोटाला लावले. आकडा 98. मला हायसे वाटले, आणि हीच माझी दुसरी चूक. न्हाणीघरात परत गेलो, तर गॅसचा वास मुळीच नव्हता. वर पाहिले, तर व्हेंटिलेटरला पुठ्ठा ठोकलेला. गार वारा येतो म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मीच तो ठोकला होता.

आता यामागचे शास्त्र पाहू. गॅस पुरेशा हवेत जळला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. गॅस जळल्यावर तो वास राहत नाही. म्हणून "वास आला नाही, म्हणजे धोका नाही" हा समज घातक आहे.

थोडे गणित करू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पाव तासात अंदाजे दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला अडीच घनमीटरहून थोडी जास्त हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच सुमारे साडेपाच घनमीटर असते. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर पाव तासात जवळजवळ निम्म्या हवेतला प्राणवायू त्या ज्योतीला लागेल. तो कमी होऊ लागला की ज्योत बिघडते आणि विषारी वायू निघू लागतो. ज्योत निळीची पिवळी होणे, गिझरवर काजळी धरणे ही त्याची खूण. पण अंघोळ करणारा माणूस ज्योतीकडे कशाला पाहील?

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. हृदय आणि मेंदू उपाशी राहतात. आधी डोके दुखते, मळमळते, पाय लुळे पडतात. कडी काढायचे सुचते, पण हात चालत नाही. साधे ऑक्सिमीटर या वायूने बांधलेले रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांत फरक करू शकत नाही, म्हणून ते खुशाल 98 दाखवते. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी लागते.

हे संकट काही नवे नाही. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला 1902 साली पॅरिसमध्ये याच वायूने गेले. त्यांच्या खोलीतल्या शेकोटीचे धुराडे तुंबले होते. पत्नी कशीबशी वाचली. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावतात, तिथेही हाच धोका आहे, आणि तान्ह्या बाळाला डोके दुखते असे सांगता येत नाही. शेक घ्या, पण खिडकी उघडी ठेवून, आणि शेक संपताच शेगडी अंगणात न्या.

न्हाणीघरात कुणी पडले, आतून उत्तर येत नसेल, तर दार तोडा. श्वास रोखून आत जा, माणसाला आधी मोकळ्या हवेत ओढा, मग गॅस बंद करा. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच आणि "गॅस गिझर चालू होता" हे वाक्य आधी सांगा. नाहीतर फिट आली, चक्कर आली असे समजले जाते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. सौ.ला मी त्या दिवशी ऑक्सिजन लावून घेतला. दुपारपर्यंत डोके उतरले.

त्याच आठवड्यात गिझर बदलला. पंधरा लिटरचा, टाकीचा, विजेचा घेतला. दोन हजार वॉटचा असल्याने वीस अंशांचे पाणी साठ अंशांवर न्यायला वीसेक मिनिटे आणि साधारण पाऊण युनिट वीज लागते. त्यात तितकेच गार पाणी मिसळले की चाळीस अंशांचे तीस लिटर पाणी होते. एका माणसाला ते भरपूर. आयएसआय शिक्का पाहा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवा. आपल्या बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर बसतो, तो वर्षातून एकदा काढून घ्या. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. साठ अंशांचे पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. स्वतःची गच्ची असेल तर सौर बंबही चांगला. खानदेशात उन्हाची वानवा नाही, फक्त ढगाळ दिवसाची सोय हवी.

गॅस गिझरच ठेवायचा असेल, तर तो आणि सिलिंडर दोन्ही बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला न्या. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. पहिली अर्धी बादली गार येईल, येऊ द्या. तोवर आतला गिझर वापरूच नका. अगदी अडले, तर दार सताड उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला जा. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका; वीज गेली की तो थांबतो, गिझर मात्र सेलवर चालूच राहतो.

आमचा जुना गिझर भंगारवाल्याने चालू स्थितीत मागितला, त्याचे दोनशे रुपये जास्त देत होता. मी बर्नर काढून मोडून मगच दिला. व्हेंटिलेटरचा पुठ्ठाही गेला. आता सकाळी गार वारा थेट पाठीवर येतो, आणि सौ. त्याबद्दल मला रोज ऐकवते.