डिझेल भारी नको, चोख हवं

नगरा, झाशी

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दहा चाकी गाडी दारात आल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पंपावरचं महागडं 'प्रीमियम' डिझेल टाकल्यानं ॲव्हरेज वाढतं का, हा तुझा प्रश्नही पोचला. हप्ते सुरू झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पेट्रोलपाशी 91, 95, 100 असे आकडे दिसतात. ते ऑक्टेनचे, तुझ्या इंजिनाशी त्यांचा संबंध नाही. डिझेलचा गुण मोजतात तो सिटेननं, म्हणजे फवारा उडाल्यावर ते किती चटकन पेट घेतं त्यावरून. साध्या डिझेललाही किमान 51 सिटेन बंधनकारक आहे. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आलं आणि गंधकाची मर्यादा 50 पीपीएमवरून 10 वर आली. प्रीमियममध्ये इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं असतात, त्यांचा उपयोग होतो; पण लिटरमागची ताकद जवळपास तेवढीच राहते.

आता हिशेब मांड. महिन्याला 8,000 किलोमीटर आणि लिटरला 4 चं ॲव्हरेज धरलं, तर 2,000 लिटर लागतील. भाव 90 रुपये धरला, तर 1,80,000 रुपये झाले. प्रीमियम चार रुपयांनी महाग असेल, तर 8,000 रुपये जादा जातील. ते भरून निघायला ॲव्हरेज 4.18 च्या आसपास गेलं पाहिजे. तेवढं वाढलेलं वहीत दिसलं तर खुशाल टाक. नाही दिसलं तर साधंच बरं.

खरं नुकसान भेसळीनं होतं. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं असतं. ते मिसळलं की लिटरमागची ताकद घटते, आणि पंप-इंजेक्टरला मिळणारं वंगणही कमी होतं. म्हणून शंका आली की पंपावर घनता मागायची. काचेच्या उभ्या नळीत डिझेल घेतात, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडतात आणि तक्ता पाहून 15 अंशांवरची घनता काढतात. टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ती घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त फरकानं चुकली, तर तिथं भरू नकोस. मापाचा संशय असेल तर पाच लिटरचं माप लावायला सांग. तो ग्राहकाचा हक्क आहे, संकोच कसला?

आपली झाशी तिन्ही बाजूंनी मध्य प्रदेशानं वेढलेली, आणि तिकडे डिझेलवरचा कर जास्त. दतिया, ग्वाल्हेर किंवा शिवपुरीचं भाडं असेल तर हद्द ओलांडण्याआधी, रस्त्यावरच्याच खात्रीच्या पंपावर टाकी भरून घे. मात्र रुपया वाचवायला वाट वाकडी करू नकोस. तो रुपया त्या वाटेवरच जळतो.

पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं. फिल्टरखालच्या सेपरेटरचा कॉक सकाळी गाडी सुरू करण्याआधी सैल करून पाहा. पाणी जड, ते आधी बाहेर येतं. निखळ डिझेल येऊ लागलं की आवळून टाक. बीएस-6 गाडीला धूर साफ करणारं डीईएफ हे द्रावणही लागतं, ड्रायव्हर त्याला नुसतं युरिया म्हणतात. त्यात 32.5 टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. शेतीच्या युरियाचं पोतं पाण्यात विरघळवून देणारे भेटतील. तो युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला असतो. त्यानं नोझल तुंबतो, कॅटॅलिस्ट वाया जातो आणि वाचवलेले शेकडो रुपये लाखाच्या घरात महागात पडतात.

गिट्टी भरताना मर्यादेबाहेर जाऊ नकोस. ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. शिवाय टायर आणि ॲव्हरेज दोन्ही बसतात. हवा थंड टायरवरच तपास, धाब्यावर इंजिन चालू ठेवू नकोस, आणि ड्रायव्हरला वरचा गिअर, सारखा वेग आणि लांबूनच पाय उचलायची सवय लाव. यात जितकं वाचतं तितकं कुठल्याही महागड्या डिझेलमध्ये वाचत नाही.

एक वही कर. टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ भरायची आणि तारीख, पंप, लिटर, मीटर, माल लिहायचा. रिकामी आणि भरलेली फेरी वेगळी मांड, नाहीतर आकडा फसवतो. एका पंपानंतर सलग ॲव्हरेज घसरलं तर तो पंप सोड. सगळीकडे घसरलं तर गाडी मिस्त्रीला दाखव. महिनाअखेर पानांचे फोटो पाठव, आपण दोघं मिळून पाहू.

वहिनींना नमस्कार. गाडी सांभाळून चालव.

तुझा,
काका