फॉरमॅट मारण्याआधी

दुकानात चालतो आणि घरी आणला की बंद पडतो, असा कॉम्प्युटर भेटला की लोक आधी दुकानदारावर संशय घेतात, मग घरच्या विजेवर आणि शेवटी जागेवरसुद्धा. अकोल्याला जठारपेठेत माझ्या ताईकडे तर टेबलाची दिशा बदलून पाहण्यापर्यंत मजल गेली होती. मे महिना, पारा ४५ च्या वर. बटण दाबलं की पंखा फिरायचा, कंपनीचं चिन्ह यायचं, विंडोजचे ठिपके गोल फिरू लागायचे आणि मिनिटाभरात सगळं खटकन बंद. कधी नशीब जोरावर असलं तर पासवर्डपर्यंत गाडी जायची.

भाऊजी कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. तुरीवरची टिपणं, स्कॅन केलेले सातबारे, भाचीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्या एका डब्यात आणि त्यातही डेस्कटॉपवर. जवळच्या दुकानातल्या पोरानं दोनदा बटण दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "काका, विंडोज उडाली. फॉरमॅट मारा लागन. सीच मारतो, डीले हात नाई लावत."

शब्दाला तो जागला. डी ड्राइव्ह जसाच्या तसा राहिला, कारण त्यात काहीच नव्हतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही सगळी मंडळी, आपण मुद्दाम हलवली नसतील तर, सी ड्राइव्हमध्येच राहतात. हे त्या पोराला ठाऊक असणार. भाऊजींना नव्हतं, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्याला विचारलं नाही.

नवी कोरी विंडोज घेऊन कॉम्प्युटर घरी आला आणि दुसऱ्या दिवशी मिनिटाभरात खटकन बंद. पुन्हा दुकान, तिथं तासभर बिनबोभाट चालला. घरी आणला, बंद. मग मला फोन. अमरावतीच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली, म्हणून नात्यागोत्यातले असले फोन माझ्याकडे येतात.

"दुकानात तं मस्त चालते न बापू. घरी आनला की पुन्हा तेच रडगानं."

"भाऊजी, दुकानात कॅबिनेट उभं ठेवते का आडवं?"

"आडवं. झाकन काढून टेबलावर पाडलेलं असते."

"मग घरी बी आडवं पाडा अन् लावा."

फोन चालूच होता. थोड्या वेळानं मागून ताईचा आवाज आला, "अवो, झाला न चालू!"

रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून गेलो. कॅबिनेट उभं केलं, सुरू करताना डिलीटची कळ दाबत राहून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मांडणीच्या पडद्यात, शिरलो आणि तापमानाचं पान उघडलं. प्रोसेसरचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता, ७०, ८२, ९४, आणि पडदा काळा. विंडोज तर अजून सुरूही झाली नव्हती. म्हणजे तिचा यात काही संबंध नव्हता, हे तिथंच ठरलं. झाकण काढलं. प्रोसेसरवरचा पंखा त्याच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यासकट चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेला असतो. त्यातल्या वरच्या एका खुंटीचा पाय तुटला होता. कॅबिनेट उभं केलं की ठोकळा स्वतःच्या वजनानं किंचित पुढं झुकायचा, प्रोसेसरपासून केसभर सुटायचा आणि तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःला बंद करून घ्यायचा. आडवं पाडलं की तेच वजन त्याला प्रोसेसरवर दाबून धरायचं. मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि ठोकळ्याच्या पात्यांत धुळीचा चक्क नमदा बसला होता. नवा पंखा आणि पेस्टची ट्यूब, काही शेकड्यांत काम भागलं.

डेटा मात्र असा परत येत नाही. फॉरमॅटनंतर त्याच जागेवर नवी विंडोज बसली होती आणि तिच्यावर वापरही झाला होता. हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. फोटो बरेच आले, नावं जाऊन नुसते आकडे लागलेले. तुरीची टिपणं आली ती बहुतेक उघडतच नव्हती. डिस्क जुन्या पद्धतीची फिरणारी होती म्हणून एवढं तरी हाती लागलं. एसएसडी असती तर खोडलेल्या जागा ती स्वतःच साफ करून टाकते. तिथं फॉरमॅटनंतर आशा जवळपास नसतेच.

त्या पोराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याच्या टेबलावर ओळीनं मशीन पडलेली असतात, फॉरमॅटला ठरलेला वेळ लागतो आणि ठरलेले पैसे मिळतात. दोष शोधण्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. डॉक्टरला तपासणीची फी देतो तशी इथंही द्यावी, "आधी नुसतं काय झालं ते सांगा, हात नंतर लावा" असं म्हणावं, आणि पावतीवर "डेटा पुसायचा नाही" एवढं लिहून घ्यावं. लिहिलेल्या ओळीला दुकानात वजन असतं, तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विरतं.

पण दुकानात जाण्याआधी घरीच एक गोष्ट पाहून ठेवा. "सुरूच होत नाही" म्हणू नका. कुठवर जाऊन थांबतो ते पाहा. निम्मं निदान तिथंच होतं.

दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर मामला विजेचा. भिंतीचं बटण, स्पाइक बोर्डचं बटण, कॅबिनेटच्या मागचा छोटा खटका आणि वायर, याच क्रमानं पाहा. वायर मॉनिटरची काढून लावून पाहा, बहुधा दोन्हींची एकच असते. एवढं करूनही निपचित असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, गेला असण्याचा संभव मोठा. अवकाळीच्या दिवसांत, वीज जाते-येते तेव्हा आपल्याकडे हे फार होतं. लाइट परत येतानाचा झटका जाण्यापेक्षा वाईट. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका असतो. तो पोरांच्या हाती लागू देऊ नका, ११५ वर सरकवून आपली वीज दिली की फट्ट. आणि एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट काही वेळ दबा धरून असतात. तो बदलायचा, उघडायचा नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, चार्जर लावून पुन्हा पाहा. भोंदूगिरी वाटते, पण अडकलेला विद्युतभार निघून जातो आणि पुष्कळ लॅपटॉप उठून बसतात.

पंखा फिरतो पण पडदा काळा, हे वऱ्हाडात उन्हाळ्यात जास्त का, याला माझं एक उत्तर आहे: कूलर. अकोल्यात नळाला काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं, पण ते रोज येतंच असं नाही, म्हणून कूलरला बोअरचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट, सगळ्यांना माहीत आहे. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कॅबिनेटवर मोसमअखेरीस त्या क्षाराची पांढरी झाक दिसते. बाहेर दिसते ती थोडीफार आतही जाते आणि रॅमच्या सोनेरी दातांवर बसते. वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे खटके दाबून काढा, दात पांढऱ्या खोडरबरानं हलके घासा, भुरा झटका आणि कट्ट आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. त्याआधी मॉनिटरची केबल मात्र पाहून घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना केबल मदरबोर्डला जोडून दिवसभर डोकं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

चिन्ह येतं आणि मग काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. इथं लोक सर्वात जास्त घाबरतात आणि इथंच घाबरण्यासारखं सर्वात कमी असतं. मागे लावून विसरलेला पेन ड्राइव्ह काढा. बायोसमधलं घड्याळ पाहा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल संपला. त्यासोबत बायोसमधल्या मांडण्याही गेल्या आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते तो विसरला. विजांच्या भीतीनं रोज भिंतीचं बटण बंद करणाऱ्या घरांत हा सेल लवकर संपतो, कारण मशीनला भिंतीतून वीज मिळत असते तोवर सेलवर ताण नसतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलून बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहा. दिसत असेल तर तिला पहिल्या क्रमांकावर आणा. दिसत नसेल तर तिची चपटी केबल काढून घट्ट लावा. अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसचा विक्रम झाला खरा, पण एसटीच्या मागच्या सीटवर नेलेल्या कॅबिनेटमधल्या केबल विक्रमाला भीक घालत नाहीत.

डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर हात तिथंच थांबवा. दुरुस्ती नाही, स्कॅन नाही, पुन्हा पुन्हा सुरू करणं नाही. तिच्यात जेवढा श्वास उरला आहे तो डेटा उतरवून घेण्यात खर्च व्हायला हवा.

विंडोजचे ठिपके फिरतात आणि पुढे काही नाही, तेव्हाच खरा विंडोजचा विषय निघतो, आणि तेव्हाही फॉरमॅट शेवटी. सुरू होताना दोन-तीनदा अडखळली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचा अपडेट काढून टाकण्याची सोय आहे, सेफ मोड आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल खोडणे.

अलीकडे आणखी एक थाप ऐकू येते: "विंडोज टेन सरकारनं बंद केली, म्हणून चालू होत नाई." सरकारचा काही संबंध नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार थांबवला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट थांबले. त्या कारणानं मशीन सुरू व्हायचं थांबत नाही. सावकाश पुढच्याची तयारी करा, पण या सबबीवर डिस्क पुसू देऊ नका.

विंडोज खरोखरच गेली असेल तर फाइली काढण्याचा एक सरळ रस्ता आहे. शेजारच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट किंवा उबुंटू उतरवा, आपला कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, "इन्स्टॉल" न दाबता नुसतं वापरून पाहण्याचा पर्याय घ्या. सी ड्राइव्हच्या यूजर्स या फोल्डरमध्ये आपलं नाव आणि त्यात डेस्कटॉप सापडेल. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग खुशाल फॉरमॅट मारा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं, त्याची ४८ आकडी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आज, सगळं नीट चालू असतानाच, वहीत उतरवून घ्या.

भाऊजींनी आता एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आहे आणि यूपीएसही. यूपीएसच्या बॅटरीवर मी मार्करनं तारीख टाकून आलो. आपल्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि मग यूपीएस दिसायला असतो, कामाला नसतो.