पार्नासियन संप्रदाय : रचनेची शिस्त आणि भावना

रोमँटिक कवितेतील अनिर्बंध आत्मकथनाची प्रतिक्रिया म्हणून फ्रान्समध्ये हा संप्रदाय उदयास आला. १८६६ मध्ये ‘समकालीन पार्नास’ या संकलनाचा पहिला भाग निघाला. लकाँत द लील हे या कवींचे अग्रणी. कवीने ‘मी’ मागे ठेवावा आणि शिल्पकार दगड घडवतो तशी ओळ घडवावी, ही त्यांची भूमिका. त्यावर ‘ही कविता थंड आहे’ असा आक्षेप घेतला गेला.

मराठीत असा संप्रदाय झाला नाही. प्रश्न मात्र आपलाही आहे. रविकिरण मंडळातील माधव जूलियन यांनी ‘विरहतरंग’ हे प्रणयकाव्य लिहिले, तसाच ‘छंदोरचना’ हा वृत्तविषयक ग्रंथही सिद्ध केला. म्हणजे रचनेची शिस्त आणि भावनेची उत्कटता एकाच कवीजवळ नांदू शकतात.

हे आपण स्वतः पडताळून पाहावे.

स्वाध्याय : रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे बंदरावरचा मासळीचा लिलाव १४ ओळींत, एकाच वृत्तात रेखाटा. चढती बोली, ओल्या टोपल्या, समुद्रातील सुवर्णदुर्गाचा तट एवढेच दाखवा. ‘मी’, ‘दुःख’, ‘आनंद’ हे शब्द वर्ज्य. नंतर तपासा : न उच्चारलेली भावना वाचकापर्यंत पोहोचली का?